सरबताचा ओटा

माझ्या टेबलावर, विरल आम्लाच्या बाटलीशेजारी, एका बशीत अर्धं लिंबू असतं. नव्यानं रुजू झालेला सहकारी पहिल्याच आठवड्यात विचारतो, की हे डब्यातलं उरलं आहे का. मी दगड तपासण्याचं काम करते. बांधकामाचा दगड किती भार सोसेल, किती पाणी पिईल, कशानं डागाळेल हे सांगणारी यंत्रं आमच्याकडे आहेत. लिंबाची तशी गरज नाही. तरीही प्रत्येक नव्या नमुन्याची पहिली भेट मी लिंबाशी घालून देते. ही सवय मला विद्यापीठानं लावलेली नाही. ती सिद्रामप्पा मिस्त्रींची आहे.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मी नांदेडला भूशास्त्रात एम. एस्सी. करत होते आणि सुट्टीत लातूरला शिवराजकाकांच्या घरी आले होते. काकांची डाळ मिल होती, नवा बंगला होता, आणि त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात एक कोपरा त्यांनी वर्षभर मोकळा ठेवला होता. तिथं त्यांना बार करायचा होता. काकूंचा विरोध करून झाला होता आणि तो कोपरा देवघराच्या भिंतीला लागून नाही, एवढ्यावर तो मिटला होता.

"तू दगडांचंच शिकून राहिलीस न?" काका मला म्हणाले. "मग काढ डिझाइन."

मी चार दिवसांत आराखडा केला. पांढऱ्या संगमरवराचा काटकोनी ओटा. मागच्या भिंतीला छतापर्यंत निळ्या नक्षीच्या टाइल्स. आणि ओट्याच्या वर, माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर उंचीवर, भिंतीतून बाहेर आलेली त्याच दगडाची एक रुंद लादी. तिच्यावर बाटल्या, तिच्याखाली उलटे टांगलेले पेले, मध्ये दिवे. ही लादी मला त्या आराखड्याचा प्राण वाटत होती. तिचं वजन, आधाराच्या लोखंडी कंसांवर येणारा ताण, बोल्टची जाडी हे सगळं मी वहीत मांडलं होतं. माझ्या नावावरची ती पहिली रचना होती आणि ती कुणाला तरी दाखवता येईल अशी व्हावी, ही माझी इच्छा मी काकांपासून लपवली असली तरी स्वतःपासून लपवलेली नव्हती.

ती बांधायला काकांनी सिद्रामप्पांना बोलावलं. दुष्काळामुळं शहरातली बांधकामं बंद होती, बहुतेक कारागीर पुण्याला किंवा हैदराबादला निघून गेले होते. अप्पा राहिले होते.

अंगानं वाळलेले, पन्नाशी ओलांडलेले, कमरेत किंचित वाकलेले. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असत. दुपारपर्यंत घामानं त्यांचा एक होई. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. दगड कापायचं यंत्र सुरू करण्यापूर्वी ते डबी बनियनच्या आत सरकवत आणि वरून हातानं एकदा दाबून बघत, जणू आत कुणी निजलं आहे आणि त्याला आवाजानं जाग येऊ नये.

काळ मोजायची त्यांची पद्धत वेगळी होती. वर्षं ते सांगत नसत. "जिल्हा व्हायच्या आदी" आणि "जिल्हा झाल्यावर" एवढेच दोन भाग. लहानपणीच्या मोठ्या दुष्काळात ते आईबरोबर सरकारी कामावर खडी फोडायला जात; कोणता दगड कसा वाजतो हे तिथं आईनं शिकवलं. पुढं लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या फरश्या बसवता बसवता अप्पांचे मिस्त्री झाले. "दुष्काळानं दगड दिला, जिल्ह्यानं फरशी दिली," असं ते म्हणत. या नव्या दुष्काळानं काय दिलं, असं मी एकदा विचारलं. "तुमी," ते म्हणाले आणि कामाला लागले. ही स्तुती होती की तक्रार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिल्या दिवशी ते मोकळ्या कोपऱ्यासमोर उभे राहिले.

"कशाचा ओटा म्हनलाव, मालक?"

"बारचा, अप्पा. चार मित्र आले, कुणी साहेब आले, तर बसायला."

"सरबताचा," अप्पा म्हणाले.

"सरबताचा न्हाई हो."

"मी सरबताचा बांधतो. तुमी काय पिता ते मला कशापायी सांगता?"

काकू दारामागं उभ्या होत्या; त्या हसल्याचं मला ऐकू आलं. त्या दिवसापासून घरात त्या बांधकामाला दुसरं नाव उरलं नाही. मजूर, दुकानदार, शेवटी स्वतः काकासुद्धा फोनवर म्हणू लागले, "सरबताच्या ओट्याच्या टाइल्स आल्या का?"

मग त्यांनी माझा आराखडा हातात घेतला. कागद उलटासुलटा न करता सरळ वाचणारे मिस्त्री मी फार पाहिलेले नाहीत. संगमरवराचा नमुना त्यांनी नखानं वाजवला आणि काकूंना हाक दिली.

"अक्का, एक लिंबू द्या."

लिंबू आलं. त्यांनी ते चिरलं, एक फोड संगमरवरावर पालथी घातली, दुसरी स्वतःच्या पिशवीतून काढलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर. "उद्या बगू, म्याडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रॅनाइटवरची फोड उचलली तर खाली नुसता ओलावा होता. संगमरवरावर मात्र एक गोल उमटला होता. चमक गेलेला, खडूसारखा मंद. पुसून जाणारा तो डाग नव्हता. दगडच तेवढा खाल्ला गेला होता. कार्बोनेटी खडकांवर आम्लाची अभिक्रिया या प्रश्नाला मी परीक्षेत चार पानं लिहिली होती. खडक ओळखायला आम्लाचा थेंब टाकायचा असतो, हे मी शेतात आणि डोंगरावर शंभरदा केलं होतं. पण ज्या ओट्यावर रोज लिंबू चिरलं जाणार तो ओटा आखताना मला त्यातलं काही आठवलं नव्हतं, कारण मासिकातल्या चित्रात तो पांढरा होता.

मी कागदावरचा संगमरवर खोडला आणि काळा ग्रॅनाइट लिहिला. अप्पांनी त्यात आनंद मानला नाही. "सरबताला लिंबू लागतंच की, माय," एवढंच म्हणाले. म्याडमची माय मी त्या सकाळी झाले.

त्या वर्षी घरी टँकर आठ-दहा दिवसांनी येई. दगड कापायला पाणी लागतं, टाइल्स लावण्यापूर्वी भिजवाव्या लागतात. म्हणून काकू टँकरच्या तारखा मोजत होत्या. अप्पांनी सिमेंटपुरतं पाणी पेल्यानं मोजून घेतलं. "ते सिमेंट पिनार, ते गेलं," असं त्यांनी सरळ सांगितलं. बाकी कामासाठी एक बादली मागितली. "उसनी द्या. जाताना परत करतो."

मला मौज वाटली. मी बादलीवर पाण्याच्या पातळीला मार्करनं रेघ मारली. अप्पांनी रेघ पाहिली आणि बादली आपल्या हाताशी ओढून घेतली. त्यांची व्यवस्था तीन डब्यांची होती: कापतानाचं गढूळ पाणी पहिल्या डब्यात, दगडाचा गाळ खाली बसला की वरचं दुसऱ्यात, तिथून फडक्यातून तिसऱ्यात. तिसऱ्यातल्या पाण्यात टाइल्स भिजत. संध्याकाळी सगळं पुन्हा बादलीत येई आणि पाणी रेघेला लागलेलं असे. तीन दिवस मी हे पाहिलं. चौथ्या रात्री मला झोप लागेना. उन्हाळ्यात बाष्पीभवन होतं, टाइल पाणी शोषते. रेघ गाठली जाणं शक्यच नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. अप्पा गावाहून प्यायच्या पाण्याची एक मोठी बाटली आणत. ती जेवणाच्या वेळी अर्धी होई आणि घरी जाताना रिकामी असे. मधल्या वेळात त्यांना पाणी पिताना मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बादलीवरची रेघ पुसून टाकली, आणि दुपारी त्यांच्याजवळ घरातल्या पाण्याचा तांब्या नेऊन ठेवू लागले. तो ते पीत.

उतार बघायचा तर एरवी ते दगडावर पाणी ओतून बघत. पाणसळीतल्या बुडबुड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "पान्याला त्याचं घर कुठं हाय ते दगडानं सांगाय पायजे," असं म्हणत. त्या वर्षी मात्र त्यांनी काकांच्या मिलमधला एक वाळका वाटाणा घेतला. ओटा बसल्यावर तो एका टोकाला ठेवला. वाटाणा क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला, मग हळूहळू निघून पाणी जायला ठेवलेल्या कोपऱ्यातल्या भोकाशी गेला. अप्पांचं समाधान झालं नाही. "पाऊसकाळ झाला की येतो. एक तांब्या वतून बगतो. तवर हे काम माजं अर्धंच."

इथवर सगळं ठीक होतं. निळ्या टाइल्स दोन दिवसांत छताला भिडल्या. मग वरच्या लादीची पाळी आली आणि अप्पांनी हत्यारं खाली ठेवली.

"हे मी न्हाई बसवनार."

"का?" मी विचारलं.

"डोक्याच्या वर दगड न्हाई."

"अप्पा, मी सगळं मोजलं आहे."

"मोजलं असंल."

काकांना हे ऐकून राग आला. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे पाहुणे येणार होते. "अप्पा, हे बगा. शहरातल्या एका डिझायनरची माणसं बसून हायेत. ते म्हनतात, आमी घेतो, पन सगळं घेतो. ओट्याची बाकीची किनार, समोरचा पट्टा, सगळं. उद्या सांजेपतुर सांगा."

अप्पांनी हत्यारं पिशवीत भरली, डबी बनियनमधून बाहेर काढून शर्टावर नीट ठेवली आणि गेले. उसनी बादली दारात होती, भरलेली.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तुज्या काकाला कळत न्हाई. सिद्रामप्पाचा पोरगा त्याला पुन्याला बोलावून राहिलाय. कंपनीत हाय. म्हनतो, इथं ना काम ना पानी, चला. सिद्रामप्पाला जायचं न्हाई. हातात काम हाय तवर पोराला न्हाई म्हनता येतं. हे गेलं तर वर्षभर दुसरं काय मिळनार हाय इथं?"

म्हणजे माझी लादी आणि अप्पांचं गाव यांत आता निवड होती, आणि ती अप्पांनी करावी अशी आमच्या घरानं व्यवस्था केली होती. मी वही घेतली, काकूंची स्कूटी काढली आणि औशाकडच्या त्यांच्या गावी गेले. त्यांना हिशोब पटवून द्यायचा, असा माझा विचार होता.

त्यांचं घर त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातलं. पुढं त्यांनी स्वतः एक पडवी काढली होती. लाकडी खांब आणि वर पत्रा. भिंतीला फळी नव्हती, खुंटी नव्हती. सगळे डबे, भांडी, देवाचं सामान गुडघ्याच्या खाली, जमिनीलगत मांडलेलं. आणि ती जमीन मी अजून विसरलेले नाही. आयुष्यभर केलेल्या प्रत्येक कामातला एकेक उरलेला तुकडा त्यांनी तिथं बसवला होता. शहाबादी, तांदूर, कडप्पा, कोटा, लाल, हिरवट, करडा. एकही तुकडा दुसऱ्याच्या मापाचा नाही आणि सांध्यात नख शिरत नाही. "ही कलेक्टर कचेरीतली, जिल्हा झाला तवाची. ही कॉलेजातली. ही तुमच्याच मिलच्या पायरीची." दाराशी एक काळा चकाकणारा तुकडा नवा होता. तो मी ओळखला.

मध्यभागी एक मोठी, जुन्या काळ्या दगडाची लादी होती. तिच्यावर सतरंजी टाकून त्यांनी मला बसवलं. मी वही उघडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके: बोल्ट गंजला तर काय, आणि पोरं लोंबकळली तर काय. दोन्हींची उत्तरं माझ्याकडं होती.

"हिशोब बराबर हाय," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी थोडा वेळ पत्र्याकडं पाहिलं. "आदी आमचं दगडमातीचं, माळवदाचं घर व्हतं. मदल्या खोलीत अव्वाला डबे ठेवाय जागा नव्हती. मी भिंतीत लादी बसवली. नवा नवा मिस्त्री झालो व्हतो. सगळं गाव बगून गेलं. अव्वा तिच्या खालीच निजायची, म्हनायची, माज्या लेकाच्या कामाखाली निजते."

मी वही मिटली.

"भूकंपाच्या टायमाला मी लातूरला कामावर व्हतो. आलो तवर लोकं उकरून राहिले व्हते. माती निघाली, मग लादी निघाली. फुटली न्हाई, माय. चरा सुदिक न्हाई. भिंतीचा एक दगड तिला तसाच चिकटून आला संगं. लई मजबूत बसवली व्हती."

मी भूकंपानंतर वर्षभरानं जन्मले. माझ्यासाठी तो अभ्यासक्रमातला एक धडा होता. त्याच्या आलेखांवर मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

"ती लादी?" मी विचारलं.

"बसलाव की तुमी तिच्यावर." मी उठू लागले, तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं. "बसा. बसा. तिथं समदेच बसतेत. आता तिला पडाय जागा न्हाई."

परतताना मी स्कूटी रस्त्याकडेला लावली आणि वही पुन्हा उघडली. लादी तुटणार नाही हे मी सिद्ध केलं होतं. कंस वाकणार नाहीत, बोल्ट निघणार नाहीत, हेही. ज्या भिंतीत ते बोल्ट जाणार होते ती अर्ध्या विटेची, नुसती आडोशाची भिंत होती, आणि ती भिंत हलली तर काय, हा प्रश्न मी एकाही पानावर विचारला नव्हता. मी लादीचा हिशोब केला होता, भिंतीचा केला नव्हता. आणि हे मला लातूर जिल्ह्यात, त्या विषयातली पदवी हातात असताना सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मी काकांसमोर नवा कागद ठेवला. वरची लादी खाली आली होती. ओट्यासमोर, गुडघाभर उंचीवर, विटांच्या भक्कम पायावर तिची बैठक.

"बार कुठं असा असतो व्हय?" काका म्हणाले. "उंच खुर्च्या असतात."

"आराखडा माझा आहे, काका, आणि तो चुकला होता. वर दगड लावायचा असेल तर माझं नाव काढून टाका."

"भूकंप काय रोज होतो का?"

"रोज कशाला व्हायला पायजे," काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तुमच्या गुडघ्याला उंच खुर्ची चालनार हाय का? दोन घोट झाल्यावर उतरवनार कोन?"

काकांनी कागद बराच वेळ पाहिला. त्यांनाही सगळं आठवत असणार; त्या साली ते वीस-पंचविशीचे होते आणि मिलच्या ट्रकमधून तिकडे भाकरी पोचवत होते, हे मला नंतर कळलं. "सिद्रामप्पाला फोन लावा," ते म्हणाले. "सकाळी लवकर या म्हनावं, ऊन व्हायच्या आदी."

अप्पा आले. त्यांनी नवा कागद सरळ वाचला, माझ्याकडं पाहिलं नाही, आणि लादीची कड घासायला बसले. ती कड त्यांनी हातानं घासली, दोन दिवस. यंत्रानं अर्ध्या तासात झाली असती. काम संपलं तेव्हा समोरच्या घरानं त्यांना पायऱ्यांचं काम दिलं, त्यांचं बघून त्या शेजारच्यांनी. आणि पुण्याचा विषय तेवढ्यापुरता मागं पडला. पाहुणे आले ते बैठकीवर ऐसपैस बसले, आणि ही कल्पना कुणाची म्हणून विचारून गेले. काकांनी माझं नाव सांगितलं. मी अप्पांचं सांगितलं.

त्या वर्षी पाऊसकाळ चांगला झाला. दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरला होते. मी अप्पांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. पुढच्या उन्हाळ्यात, माझी परीक्षा चालू असताना, ते गेले. त्यांच्याच घरी, त्यांच्याच फरशीवर.

दिवाळीत ते न सांगता आले. धुतलेला शर्ट, कपाळावर तिन्ही पट्टे वेगवेगळे. चप्पल दारात काढून सरळ ओट्यापाशी गेले. "अक्का, एक तांब्या पानी."

काकूंनी काठोकाठ भरून दिला. अप्पांनी तो ओट्याच्या वरच्या टोकाला ओतला. पाणी पसरलं, थोडं थबकलं, मग एका अंगानं निघालं आणि काळ्या दगडावरून कुठंही न रेंगाळता कोपऱ्यातल्या भोकात गेलं. शेवटचा थेंब जाईपर्यंत ते वाकून पाहत होते. मग सरळ झाले आणि त्यांनी वर पाहिलं. वर छतापर्यंत निळ्या टाइल्सच होत्या.

"आता झालं," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्यासाठी लिंबाचं सरबत केलं. काकांच्या बाटल्या मागच्या बुटक्या कपाटात ओळीनं उभ्या होत्या. अप्पांनी तिकडं पाहिलं नाही. ते बैठकीवर बसले, पेला ओट्यावर ठेवत ठेवत सावकाश प्यायले. संपल्यावर त्यांनी पेला उचलला, खाली उमटलेलं ओलं कडं शर्टाच्या बाहीनं पुसलं, आणि मान खाली घालून, डोळे दगडाच्या पातळीला आणून, तिथं काही राहिलं आहे का ते पाहिलं.